वाचकांचे प्रश्न : ट्रकचे वजन, पासिंग आणि जादा वजनाची परवानगी

केळीची कापणी जोरात असली किंवा जिनिंगमधून कापसाच्या गाठी निघू लागल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ट्रकच्या वजनाचा विषय हमखास डोकावतो. या वेळी तर त्याच विषयाची इतकी पत्रे साचली, की हे सदर त्यालाच देणे आम्हाला योग्य वाटले. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे मुद्दाम वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही रावेर-यावल पट्ट्यातील शेतकऱ्यांची केळी उत्तरेकडे पाठवतो. दहा टायरी गाडीत पासिंगपेक्षा दोन-तीन टन माल सहज जास्त बसतो आणि ऐन हंगामात गाड्या मिळत नाहीत. ठरावीक रक्कम आगाऊ भरली, तर महिनाभरासाठी जादा वजनाचा परवाना निघतो, असे एका मध्यस्थाने सांगितले असून त्यासाठी तो पैसे मागत आहे. असा परवाना कोणत्या कार्यालयातून मिळतो?
– एक केळी व्यापारी, सावदा

उत्तर : असा परवाना कोणत्याही कार्यालयातून मिळत नाही. मध्यस्थाला पैसे दिले असतील तर ते परत मागावेत आणि दिले नसतील तर देऊ नयेत.

आधी ‘पासिंग’ या शब्दाविषयी लिहितो, कारण निम्मे गैरसमज त्यातूनच निर्माण होतात. बाजारात आपण ‘पासिंगचा माल’ म्हणतो तेव्हा गाडीत किती टन माल भरायचा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मात्र मालाचे वजन वेगळे मोजत नाही. कलम ११३ प्रमाणे भरलेल्या वाहनाचे एकूण वजन त्याच्या नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आरसीमध्ये लिहिलेल्या एकूण भारित वजनापेक्षा जास्त असता कामा नये. या एकूण वजनात गाडीचे स्वतःचे वजन, टाकीतले डिझेल, चालक, क्लीनर, ताडपत्री, दोरखंड आणि केबिनमागे ठेवलेली स्वयंपाकाची भांडी असे सगळे येते. तुमच्या दहा टायरी गाडीच्या आरसीवर २८.५ टन लिहिले असेल आणि रिकाम्या गाडीचे वजन समजा ९.५ टन असेल, तर मालासाठी १९ टन उरतात. त्याच गाडीला नंतर उंच लोखंडी फाळका आणि जाडजूड जाळी बसवली असेल, तर तेवढे वजन या १९ टनांतून कमी होते, हे कित्येक मालकांच्या लक्षातच येत नाही.

२८.५ टनांचा हा आकडा २०१८ चा आहे. केंद्र सरकारच्या १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने दोन अक्षांच्या (अक्ष म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, एक्सल) ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन आणि तीन अक्षांच्या, म्हणजे आपल्या दहा टायरी ट्रकची २५ टनांवरून २८.५ टन झाली. मोठ्या ट्रेलरची ४९ टनांची कमाल मर्यादा ५५ टनांवर गेली. तरीही जुन्या गाडीच्या मालकाने वर्तमानपत्रातील आकडा धरून माल भरू नये. वाटेत अडवणारा अधिकारी आरसी पाहतो, आणि तिच्यावर २५ टनच लिहिले असेल तर त्या गाडीसाठी मर्यादा २५ टनांचीच राहते.

आता परवान्याविषयी. तुमच्या मध्यस्थाने सांगितलेली पद्धत अगदीच हवेतली नाही, ती जुनी आहे. एके काळी काही राज्यांत ठरावीक रक्कम घेऊन ‘गोल्ड कार्ड’सारखी कार्डे दिली जात आणि ती दाखवली की जास्त भरलेली गाडी पुढे सोडली जाई. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २००५ रोजी परमजित भसीन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ही पद्धत बेकायदा ठरवली. दंड भरला तरी जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दंड हा झालेल्या चुकीचा असतो. तो भरून पुढच्या दोनशे किलोमीटरची मुभा विकत घेता येत नाही. या निकालाला दोन दशके उलटली, पण कार्डाची आठवण बाजारातून अजून गेलेली नाही आणि मध्यस्थ तिच्यावरच जगत आहेत.

जादा वजनाची परवानगी कायद्यात जरूर आहे, परंतु ती ज्याचे तुकडे करता येत नाहीत अशा वस्तूसाठी आहे. वीज केंद्राचा ट्रान्सफॉर्मर दोन गाड्यांत वाटून नेता येत नाही, केळी मात्र वाटून नेता येतात. कांदा, कापूस, सिमेंट, डाळ, वाळू यांनाही हेच लागू होते. एका गाडीत न मावणारा माल दुसऱ्या गाडीत भरता येत असेल, तर शासनाने रस्त्यावर जादा भार का सोसावा, असा त्यामागचा साधा विचार आहे.

दंडाचा हिशेब असा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड आहे. तीन टन जास्त भरले, तर ही रक्कम २६,००० रुपये होते. दुरुस्तीपूर्वी याच चुकीला २,००० रुपये आणि टनामागे १,००० रुपये, म्हणजे एकूण ५,००० रुपये लागत. जागेवरच तडजोड करायची, म्हणजे न्यायालयात न जाता रक्कम भरून प्रकरण मिटवायचे झाल्यास, ती रक्कम राज्य शासनाच्या अधिसूचनेप्रमाणे ठरते. माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि तो उतरेपर्यंत गाडी हलत नाही. आमच्या मते केळीच्या व्यापाऱ्याला खरा फटका येथेच बसतो. मे महिन्यातल्या खानदेशी उन्हात भरलेली गाडी महामार्गाच्या कडेला सहा तास उभी राहिली, तर पुढच्या बाजारात त्या मालाला कोणता भाव मिळेल, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगले जाणता.

प्रश्न : आमच्या गाडीचे एकूण वजन मर्यादेच्या आत होते, काट्याची पावतीही होती. तरीही मागच्या अक्षावर भार जास्त असल्याचे सांगून गाडी थांबवली. एकूण वजन बरोबर असताना हा कोणता नियम?
– जिनिंगशी संबंधित वाहतूकदार, शिरपूर

उत्तर : नियम जुनाच आहे, आपण त्याकडे फारसे पाहत नाही एवढेच. कलम ५८ प्रमाणे केंद्र सरकार प्रत्येक प्रकारच्या अक्षासाठी सुरक्षित भाराची कमाल मर्यादा ठरवते आणि नोंदणी करताना एकूण भारित वजनासोबत अक्षांचे भारही आरसीवर नोंदवले जातात. २०१८ च्या अधिसूचनेनुसार चार टायरांच्या एकेरी अक्षाला ११.५ टन, जोडअक्षाला, म्हणजे जवळजवळ असलेल्या दोन अक्षांना मिळून, २१ टन आणि तिहेरी अक्षाला २७ टन अशा मर्यादा आहेत. पूर्वी त्या अनुक्रमे १०.२, १९ आणि २४ टन होत्या.

रस्त्याला गाडीचे एकूण वजन कळत नाही, त्याला एकेका अक्षाचा दाब कळतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत चालवून मोठा प्रयोग करण्यात आला. अक्षावरचा भार वाढला की रस्त्याचे नुकसान त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असे त्यातून दिसले. याचा अर्थ असा, की ११.५ टनांच्या अक्षावर १४ टन टाकले तर भार वाढतो जेमतेम २२ टक्के, पण रस्त्याची झीज होते जवळपास २.२ पट. पावसाळ्यानंतर तालुक्याच्या रस्त्यांवर चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या उमटतात, तेव्हा सगळे खापर कंत्राटदारावर फोडण्याची आपल्याला सवय आहे. ते बहुतेक वेळा योग्यही असते, मात्र त्या चाकोऱ्यांत आपल्या गाड्यांचाही वाटा असतो.

तुमच्या बाबतीत काय झाले असावे, याचा अंदाज करता येतो. रुईची एक गाठ प्रमाणानुसार १७० किलोची धरतात. वर सांगितलेल्या १९ टनांच्या हिशेबाने दहा टायरी गाडीत १११ गाठी बसतात. पण गोदामातले हमाल मागच्या फाळक्यातून गाठी चढवतात आणि उतरवणे सोपे जावे म्हणून पुढचा भाग मोकळा सोडून मागे थर वाढवतात. तसे केले की एकूण वजन तेवढेच राहते, परंतु मागच्या जोडअक्षावर ते २१ टनांच्या वर सरकते. यावर उपाय गाठी कमी करण्याचा नसून त्या पुढे रचण्याचा आहे. आपल्याकडचे बरेचसे काटे संपूर्ण गाडी एकदम तोलतात, त्यामुळे अक्षाचा भार पावतीवर दिसत नाही. शंका असेल तर काटेवाल्याला सांगून आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, नंतर पूर्ण गाडी घ्यावी आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी करावी. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन समपातळीत असेल, तर हा अंदाज पुरेसा विश्वसनीय असतो.

काट्याविषयी आणखी एक गोष्ट. वजनकाट्याची वैधमापन शास्त्र यंत्रणेकडून दर बारा महिन्यांनी पडताळणी व्हावी लागते. पडताळणीचे प्रमाणपत्र काट्याच्या खोलीत लावलेले असते, त्यावरची तारीख वाचायला एक मिनिटही लागत नाही.

प्रश्न : साक्री तालुक्यात पवनचक्क्यांची भली मोठी पाती घेऊन ट्रेलर येतात. गावातील वळणावर झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात, विजेच्या तारा उचलाव्या लागतात. आमचा ट्रॅक्टर थोडा जास्त भरला तर दंड होतो आणि एवढ्या अवाढव्य गाड्यांना पोलीस उलट वाट करून देतात. हा न्याय कसा?
– एक शेतकरी, साक्री तालुका

उत्तर : तुमचा राग समजण्यासारखा आहे. ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या राहू लागल्यापासून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे अनेकदा आला आहे. मात्र यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

पवनचक्कीचे पाते लांब असते, पण लांबीच्या मानाने हलके असते, कारण ते काचतंतूंचे बनवलेले असून आतून पोकळ असते. ते नेणारा ट्रेलर मापाने मोठा असला, तरी वजनाने मर्यादेच्या आत असू शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९३ प्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असू नये, साध्या ट्रकची लांबी १२ मीटरपेक्षा जास्त असू नये आणि माल गाडीच्या बाजूंच्या किंवा मागच्या कडेबाहेर येऊ नये. मागच्या बाजूला एक मीटरपर्यंत माल बाहेर काढण्याची सवलत पूर्वी होती. बाहेर आलेल्या सळयांमुळे अनेक जीव गेल्यानंतर २०१४ मध्ये ती रद्द झाली. आज मापाबाहेरचा माल परवानगीशिवाय नेला, तर कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड होतो. सक्षम अधिकाऱ्याने विशेष परवानगी दिली असेल तरच त्यातून सूट मिळते. पात्यांचे ट्रेलर अशी परवानगी घेऊन चालतात.

दुसरी गोष्ट वजनाची. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी जाणारा मोठा ट्रान्सफॉर्मर लांबीने बेताचाच असतो, परंतु त्याचे वजन शंभर टनांच्याही पुढे जाऊ शकते. त्याच्यासाठी वेगळ्या बांधणीचे हायड्रॉलिक ट्रेलर असतात. त्यांत चाकांच्या रांगा गरजेप्रमाणे जोडता येतात, जेणेकरून भार अनेक अक्षांवर सारखा विभागला जातो. ओढायला पुढे, आणि चढावर मागून ढकलायलाही, पुलर नावाच्या ताकदीच्या गाड्या लागतात. राष्ट्रीय महामार्गांवर अशा वाहतुकीची परवानगी केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाकडे ऑनलाइन मागावी लागते. राज्य मार्गांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, तारा उचलण्यासाठी वीज वितरण कंपनी आणि रेल्वे फाटक किंवा रेल्वेवरचा पूल ओलांडण्यासाठी रेल्वे, असे प्रत्येक दार वेगळे ठोठवावे लागते. वजन फारच जास्त असेल, तर वाटेतल्या पुलांची ताकद अभियंत्यांकडून तपासून घ्यावी लागते. पुलावर त्या वेळी दुसरे वाहन नसावे, ट्रेलर पुलाच्या मधोमध आणि अगदी मंद गतीने न्यावा, अशा अटी असतात. नव्या पुलांच्या संकल्पनासाठी भारतीय रस्ते काँग्रेसने जे भार ठरवले आहेत, त्यांत ३८५ टनांच्या विशेष वाहनाचा भारही आहे आणि त्यात वाहनाची गती ताशी ५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही, असेच गृहीत धरले आहे. तापी, पांझरा किंवा गिरणेवरचे जुने पूल या हिशेबाने बांधलेले नाहीत, म्हणून कधी कधी शंभर किलोमीटरच्या कामासाठी दोनशे किलोमीटरचा वळसा घ्यावा लागतो.

यातून तुमच्या गावाला झालेला त्रास नाहीसा होत नाही. फांद्या छाटणे, साइडपट्टी खचणे, शेताच्या बांधावरून चाके नेणे याला ट्रेलरची परवानगी हे उत्तर असू शकत नाही. परवानगीच्या अटींत रस्त्याच्या व मालमत्तेच्या नुकसानीची जबाबदारी वाहतूकदारावर टाकलेली असते. म्हणून नुकसान झाले, तर ट्रेलर गावात असतानाच छायाचित्रे काढावीत, त्याच्या चालकाकडील परवानगीपत्राचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयाकडे व तहसीलदारांकडे लेखी अर्ज करावा. तोंडी तक्रारीवर काही होत नाही, आणि ट्रेलर एकदा निघून गेला की कंपनी सापडत नाही.

प्रश्न : माझे पती ट्रकचालक आहेत. मालक सांगेल तेवढा माल भरावा लागतो, नाही म्हटले की दुसरा चालक तयार असतो. गेल्या महिन्यात काट्यावर नेतील या भीतीने त्यांनी गाडी थांबवली नाही. आता लायसन्स जाईल असे लोक म्हणतात. दंड चालकाचा की मालकाचा?
– एक गृहिणी, नवापूर

उत्तर : कायदा दोघांनाही धरतो. कलम १९४ मधील शब्दयोजना ‘जो चालवील, अथवा चालवण्यास भाग पाडील किंवा मुभा देईल’ अशा अर्थाची आहे, म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. शिवाय कलम ११३ मध्ये चालकाच्या बाजूची एक तरतूद आहे, जी फार थोड्या चालकांना ठाऊक असते. गाडी चालवणारा स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा त्याच्या आदेशाने घडला, असे न्यायालय गृहीत धरू शकते. ‘चालकाने परस्पर भरले’ हा मालकाचा नेहमीचा बचाव त्यामुळे कमकुवत होतो.

तथापि गाडी न थांबवणे ही तुमच्या पतींची स्वतःची चूक आहे आणि ती मोठी आहे. वजनासाठी गाडी थांबवण्यास नकार देणे किंवा काट्यावर पोहोचण्याआधी माल उतरवून टाकणे, यासाठी ४०,००० रुपयांचा वेगळा दंड आहे. दोन-तीन टन जादा भाराच्या दंडापेक्षा ही रक्कम जास्त आहे, हे चालकांनी लक्षात ठेवावे. लायसन्सविषयी लोक म्हणतात त्यातही तथ्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २१ मध्ये मालवाहनात जादा भार नेणे याचा उल्लेख असून त्यावरून अनुज्ञप्ती निलंबित करण्याचा विचार होऊ शकतो. मात्र अधिकाऱ्याला तसा आदेश देण्यापूर्वी चालकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नये. ठरलेल्या तारखेला जाऊन भरती कोणाच्या सांगण्यावरून झाली, हे लेखी द्यावे आणि मालकाचा फोनवरचा संदेश असेल तर त्याची प्रत जोडावी.

अधिकाऱ्यालाही मर्यादा आहेत. कलम ११४ प्रमाणे गाडीच्या पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आत किंवा गाडी जेथे पोहोचायची त्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत काटा असेल, तरच तो गाडी तेथे न्यायला सांगू शकतो. आणि माल उतरवण्याचा आदेश त्याने लेखी द्यायचा असतो. ‘वजन दिसतेच आहे’ असे म्हणून नुसत्या नजरेने टन ठरवले जात असतील, तर काट्यावर चला असे चालकाने शांतपणे म्हणावे.

आमच्याकडे ‘पुढे पाही लेसूत’, म्हणजे पुढचे पुढे पाहून घेऊ, म्हणून गाडी काढण्याची रीत आहे. त्या ‘पुढे’ची किंमत मालक नव्हे तर चालक मोजतो, आणि हे पत्र त्याचाच पुरावा आहे.

प्रश्न : मी जळगावातून रात्रपाळीत एका अमेरिकी ट्रक कंपनीसाठी डिस्पॅचरचे, म्हणजे फोनवरून गाड्यांच्या फेऱ्या लावून देण्याचे, काम करतो. तेथे प्रत्येक राज्याचा वजनाचा नियम वेगळा दिसतो, आपल्याकडे तसे नाही. यामागचे कारण समजावून सांगाल का?
– एक तरुण वाचक, जळगाव

उत्तर : आपल्या सदरात असा प्रश्न येईल असे दहा वर्षांपूर्वी वाटले नसते. आपल्याकडे अक्षांच्या भाराची कमाल मर्यादा केंद्र सरकार ठरवते, त्यामुळे नवापूरची हद्द ओलांडून गुजरातेत गेलात किंवा पळासनेरवरून मध्य प्रदेशातील सेंधव्याकडे निघालात, तरी गाडीचे वैध वजन बदलत नाही. तपासणीची कडक-सैल पद्धत आणि तडजोडीच्या रकमा तेवढ्या बदलतात. एखादा घाट किंवा पूल जड वाहनांना बंद करता येतो, जसा ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने कन्नड घाट बंद झाला. पण बंदी घालणे वेगळे आणि मर्यादा वाढवून देणे वेगळे.

अमेरिकेत रस्ते मुळात राज्यांचे आहेत. केंद्राने १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांना पैसा देताना ७३,२८० पौंडांची अट घातली आणि १९७४ च्या कायद्याने ती ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६.३ टन केली. एकेरी अक्षाला २०,००० पौंड आणि जोडअक्षाला ३४,००० पौंड अशी मर्यादा आहे. आपल्या परिमाणांत त्या सुमारे ९.१ आणि १५.४ टन होतात, म्हणजे आपल्या ११.५ आणि २१ टनांपेक्षा बऱ्याच कमी. आपल्या रस्त्यांची अवस्था पाहता हा आकडा उलटा असायला हवा होता, असे आम्हाला राहून राहून वाटते. तेथे अक्षांमधील अंतरही मोजले जाते. अक्ष जितके जवळ तितका पुलाच्या एकाच भागावर भार जास्त पडतो, म्हणून त्यासाठी ‘ब्रिज फॉर्म्युला’ वापरतात. ट्रेलरची मागची चाके मागे-पुढे सरकवून चालक अक्षांवरचा भार साधतो, हे तुम्ही रोज ऐकत असाल. कॅलिफोर्नियात किंगपिनपासून, म्हणजे ट्रेलर पुढच्या गाडीला जोडणाऱ्या खिळीपासून, मागच्या अक्षापर्यंत ४० फुटांचीच मुभा असल्याने दुसऱ्या राज्यात चालून गेलेली मांडणी तेथे अडते.

मिशिगनसारख्या राज्यात पूर्वापार चालत आलेल्या सवलतींमुळे ११ अक्षांच्या गाडीला १,६४,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ७४ टनांपर्यंत जाता येते. एकूण वजन एवढे मोठे असले, तरी ते अनेक अक्षांवर विभागलेले असते. एरवी ८०,००० पौंडांच्या वरची परवानगी राज्येच देतात आणि ती मुख्यतः अविभाज्य मालासाठी, म्हणजे आपल्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यायानेच असते. एक यंत्र चार राज्यांतून जाणार असेल, तर चार परवानग्या लागतात. एकाच राज्याची परवानगी हातात असताना गाडी पुढच्या राज्यात पाठवू नये, एवढी काळजी तुमच्या खुर्चीतून घेता येईल.

प्रश्न : अपघात झाला आणि गाडीत माल जास्त निघाला, तर विमा कंपनी पैसे नाकारते का?
– ट्रकमालक, चाळीसगाव

उत्तर : अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल, तर केवळ जादा भारामुळे त्याची भरपाई सहसा बुडत नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यात मात्र कपात होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात विमा कंपन्यांच्या ज्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला, त्यांत जादा भार असल्यास मंजूर होण्याजोग्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत दावा द्यावा, असे नमूद आहे. दावा पूर्ण नाकारल्याचे पत्र आले, तर ते अंतिम समजू नये आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे.

प्रश्न : धुळ्यात आमची हुंडेकरीची, म्हणजे मालवाहतूक ठरवून देण्याची, पेढी आहे. गाडी आमची नाही, आम्ही फक्त बिल्टी (मालाची वाहतूक पावती) फाडतो. ओव्हरलोडशी आमचा काय संबंध?
– एक हुंडेकरी, धुळे

उत्तर : संबंध आहे. रस्त्याने मालवाहतुकीसंबंधीच्या २००७ च्या कायद्याने सार्वजनिक वाहतूकदारावर स्वतंत्र जबाबदारी टाकली आहे. बिल्टीवर ज्या गाडीचा क्रमांक लिहिला, तिच्या आरसीवरील एकूण भारित वजनापेक्षा जास्त माल तिच्यात भरू देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. बिल्टीवर १६ टन आणि गाडीत २१ टन अशी दुहेरी लिखापढी करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण काट्याची पावती आणि बिल्टी शेजारी ठेवली की दुसरा कोणताही पुरावा लागत नाही.

प्रश्न : आमच्या डंपरची वाळूची रॉयल्टी रीतसर भरलेली आहे, पावती जवळ आहे. तरी परिवहन विभागाने ओव्हरलोडचा दंड केला. एकाच मालाला दोनदा दंड कसा?
– बांधकाम कंत्राटदार, अमळनेर

उत्तर : दंड एकदाच झाला आहे, रॉयल्टी हा दंड नव्हे. पावती वाळूवरचा तुमचा हक्क दाखवते, गाडीची क्षमता दाखवत नाही. खरी गोम मापात आहे. रॉयल्टीची पावती ब्रासमध्ये असते आणि मोटार वाहन कायदा टनांत बोलतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १.६ टन धरली, तर एक ब्रास सुमारे साडेचार टनांचा होतो. नदीतून नुकतीच काढलेली ओली वाळू त्याहून जड भरते, म्हणून चार ब्रासची पावती असलेला डंपर कोरड्या वाळूने कदाचित मर्यादेत राहील आणि ओल्या वाळूने तिच्या बाहेर जाईल. पावतीच नसती, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंतचा दंड वेगळा झाला असता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही हाच हिशेब लागू होतो, कारण ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते आणि तिच्या नोंदणीवर वजनही लिहिलेले असते. पुढच्या वेळी वाळू रात्रभर निथळू द्यावी, पहिली खेप काट्यावर तोलून घ्यावी आणि त्या दिवशीच्या वाळूचा ब्रास किती टनांचा भरतो हे पाहून बाकीच्या खेपा भराव्यात.